उंचीचे भय आणि तालमीची तालीम : बडोद्याच्या व्यायामपरंपरेची एक दुर्लक्षित बाजू

मल्लखांबाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे ते मुख्यतः बळ, चपळाई आणि राष्ट्रीय शिक्षण या तीन अंगांनी झाले आहे. कोणत्या वस्तादाने कोणती उडी बसवली, कोणत्या संस्थेने कोठे प्रात्यक्षिके केली, कोणाला पदक मिळाले, हा तपशील त्यात मिळतो. खांबावर प्रथमच चढणाऱ्या मुलाला वाटणाऱ्या भीतीचा उल्लेख मात्र क्वचितच येतो, आणि आला तरी ‘सरावाने भीती नाहीशी होते’ एवढ्या एका वाक्यात तो आटोपतो. वस्तुतः कोणत्याही तालमीत नवशिक्यांच्या तासाला जाऊन बसले तर वस्तादाचा निम्मा वेळ बळ शिकवण्यात नव्हे, भीतीशी वाटाघाट करण्यात जातो हे सहज ध्यानात येते. ही वाटाघाट कशी चालते, तिची परंपरा कोठून आली आणि आपल्या वर्गांना तिचा काय उपयोग, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी बडोदे (आजचे वडोदरा) हे शहर सोयीचे आहे. येथील दांडिया बाजारातील श्री जुम्मादादा व्यायाम मंदिराने कुस्ती, मल्लखांब व इतर देशी व्यायामांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालवली. मुसलमान उस्तादाचे नाव, त्याच्या हिंदू शिष्याने वाढवलेली संस्था आणि तेथून बाहेर पडलेली मराठी-गुजराती विद्यार्थ्यांची पिढी, असा हा त्रिवेणी योग आहे.

भीतीला भाषेने दिलेली जागा

आरंभ शब्दांपासून करू. उंचीच्या भीतीला मराठीत स्वतंत्र, जुने, एकेरी नाव नाही. ‘उंचीची भीती’ हा शब्दप्रयोग अलीकडचा, मानसशास्त्राच्या पुस्तकांतून रूढ झालेला. घरातली माणसे म्हणतात, ‘खाली बघितलं की डोळे फिरतात’, ‘घेरी येते’, ‘भोवळ येते’, ‘पाय लटपटतात’. उर्दू बोलणारी माणसे ‘सर चकराता है’ म्हणतात. दोन्ही भाषांनी ही भीती डोळ्यांत, डोक्यात आणि पायांत ठेवली आहे. काळजात ठेवलेली नाही. वाघाला भिणाऱ्याचे ‘काळीज फाटते’, कडेवरून खाली पाहणाऱ्याचे ‘डोळे फिरतात’. बोलीभाषेने येथे जो फरक केला आहे तो आपण शाळा-महाविद्यालयांत विसरतो, आणि गच्चीच्या कठड्यापाशी थबकणाऱ्या मुलाला भित्रा म्हणून मोकळे होतो.

आधुनिक शरीरशास्त्र या बाबतीत बोलीच्या बाजूने आहे. उभे असताना आपले शरीर सतत किंचित डोलत असते. हा डोल सावरण्यासाठी डोळे, कानाच्या आतील तोलाची यंत्रणा आणि पायांकडून येणाऱ्या संवेदना या तिघांचा मेळ लागतो. जवळ भिंत, झाड किंवा जमीन असेल तर डोळ्यांना डोल लगेच कळतो. उंचावर उभे राहिल्यावर समोरच्या सर्व वस्तू दूर जातात; शरीर डोलते, पण डोळे तशी साक्ष देत नाहीत. अशी अस्थिरता कमीअधिक प्रमाणात सर्वांनाच जाणवते. काहींच्या मनात तिच्याभोवती पडण्याची कल्पना घर करते, आणि मग पहिल्या मजल्याची गॅलरीसुद्धा नकोशी होते.

कल्पनेचा हा भाग इब्न सीना (९८०–१०३७) यांनी फार नेमकेपणाने पाहिला होता. ‘किताबुश्शिफा’ या ग्रंथाच्या आत्म्यावरील भागात त्यांनी एक साधे उदाहरण दिले आहे. जमिनीवर टाकलेल्या फळीवरून माणूस सहज चालत जातो. तीच फळी खोल दरीवर पुलासारखी ठेवली तर त्याच माणसाला पाऊल टाकवत नाही. फळीची रुंदी तीच, पायांची ताकद तीच. बदलते ते एवढेच की पडण्याचे चित्र मनात इतके ठळक उमटते की अवयव त्या चित्राचीच आज्ञा पाळू लागतात. मनाचा शरीरावर अंमल कसा चालतो हे दाखवण्यासाठी दिलेले हे उदाहरण पुढे इमाम गझाली यांनीही वापरले. आपल्या अध्यापकांपैकी पुष्कळांना ते मदरशातील किंवा फारसी-अरबीच्या वर्गातील वाचनातून परिचित असेल. मात्र त्याकडे तत्त्वज्ञानाचा दाखला म्हणूनच पाहिले गेले. मल्लखांबाच्या वस्तादाने इब्न सीना वाचले असण्याचे कारण नाही, पण फळी जमिनीवरून थोडी थोडी वर उचलत नेली तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हातात होते.

खांब, कथा आणि शब्द

मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात येतो. आज आपण ज्याला मल्लखांब म्हणतो त्याचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी केले असे परंपरा सांगते. कथा अशी की, अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिले. तरुण बाळंभटदादांनी मुदत मागून घेतली, ते वणीच्या सप्तशृंगगडावर गेले, तेथील रानात वानरांच्या उड्या पाहून त्यांना खांबावरील डाव सुचले, आणि परत येऊन त्यांनी अलीला चीत केले.

ही कथा व्यासपीठांवरून अनेकदा एका जमातीने दुसरीवर मिळवलेल्या विजयाच्या थाटात सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाला तिच्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बाळंभटदादांनी आव्हान ऐकून त्याच क्षणी शड्डू ठोकला नाही, मुदत मागितली. म्हणजे या विद्येच्या उगमकथेतच तयारीसाठी घेतलेला अवधी आहे. बाकी, जिला आपण एका जमातीची म्हणतो त्या विद्येची शब्दसंपदा पाहावी. कुस्ती, पहिलवान, पेच, जोर, बगली हे शब्द फारसीकडून आले. सलामी अरबीतून. वस्ताद म्हणजे उस्तादच. आणि ज्या वास्तूत हे सारे चालते तिला मराठीने नाव दिले ‘तालीम’. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याचा अर्थ आखाडा असा केला. पुढे नाटकवाल्यांनी तोच शब्द सरावासाठी उचलला. पुस्तकातून मिळते ते शिक्षण, आणि अंगातून पुन्हा पुन्हा काढून घेतली जाते ती तालीम, असा सूक्ष्म भेद मराठीने केला असे म्हणावयास हरकत नाही. उंचीचे भय या दुसऱ्या प्रकारच्या शिक्षणाचा विषय आहे. ‘घाबरू नको, काही होत नाही’ हे वाक्य पहिल्या प्रकारचे असते, म्हणूनच ते कधी लागू पडत नाही.

जुम्मादादा आणि माणिकराव

बडोद्यात महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांची कारकीर्द १८७५ ते १९३९ अशी दीर्घ झाली. संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोगादाखल आणि १९०६ मध्ये सर्वत्र सुरू झाले, हे सर्वश्रुत आहे. या काळात शहरात तालमींचीही रेलचेल होती. त्यांतील एक तालीम जुम्मादादा या मुसलमान वस्तादांची. त्यांचे शिष्य माणिकराव यांनी तिचा वारसा चालवला, तिचे रूपांतर एका सुसंघटित व्यायाम मंदिरात केले, आणि नाव मात्र गुरूचेच ठेवले. माणिकराव पुढे ‘राजरत्न प्रो. माणिकराव’ म्हणून प्रसिद्धीस आले. कवायतीसाठी देशी भाषेतील हुकूम रूढ करणे आणि सांघिक व्यायामाचा प्रसार करणे हे त्यांचे सर्वांत गाजलेले कार्य होय. मोडलेली, निखळलेली हाडे बसवण्यातही त्यांची ख्याती होती. मल्लखांब शिकवणाऱ्या जागी हाड बसवणारा हात हजर असणे, हेसुद्धा भीती कमी करणाऱ्या गोष्टींतच धरावे लागेल.

१९०७ ते १९१० या काळात येथे माणिकरावांकडे शिकलेल्या तरुणांत जगन्नाथ गणेश गुणे हे एक होते. बडोद्याजवळील डभोई येथे १८८३ साली जन्मलेले हे गुणे म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. शरीराच्या अनुभवाला मोजमाप लावण्याच्या या वृत्तीचे पहिले धडे त्यांनी बडोद्याच्या मातीत घेतले असे मानण्यास जागा आहे. याच शहरातून द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित केला. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड मराठीत निघाले. गुजराती मुलखात राहून, युद्धकाळाची कागदटंचाई सोसून, मराठीत दहा खंड! आपल्या ग्रंथालयांत ते धूळ खात पडलेले आढळतात.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सांघिक व्यायाम आणि मल्लखांब या दोन्ही गोष्टी एका छताखाली चालल्या, तरी त्यांचा भीतीशी असलेला संबंध उलट आहे. शंभर मुले एका हुकमावर हात वर करतात तेव्हा भिणारा मुलगा त्यांत लपून जातो. त्याला धीरही येतो, हे खरे. पण त्याची भीती कोणाला दिसत नाही. खांबावर मात्र एका वेळी एकच चढतो. खाली बाकीचे पाहत असतात आणि वस्तादाचा एक हात त्याच्या कमरेजवळ असतो. तो हात कधी टेकवायचा, कधी नुसता जवळ ठेवायचा आणि कधी काढून घ्यायचा, ही कला कोशाच्या पानांवर उतरत नाही. इतिहासकाराला ती खांबाच्या घडणीवरून आणि डावांच्या क्रमावरून वाचावी लागते.

डावांचा क्रम

पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो. जमिनीवर त्याची उंची सुमारे अडीच मीटर. खाली जाड, वर निमुळता, मग बारीक मान आणि टोकाला बोंड. घासणे कमी व्हावे म्हणून त्याला एरंडेल लावतात. अडीच मीटर ही उंची ऐकताना फार वाटत नाही. परंतु बोंडावर उभ्या राहिलेल्या बारा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून जवळजवळ चार मीटरवर असतात, आणि पायाखाली तळव्याएवढीही जागा नसते.

तेथपर्यंत पोहोचण्याची वाट पाहण्यासारखी आहे. अनभिज्ञ माणसाला वाटेल की आधी चढायला शिकवत असतील. प्रत्यक्षात आरंभीच्या पाठांत साधी अढी येते. मूल जमिनीवर उभे राहून खांब दोन्ही हातांनी धरते, पाय वर फेकते आणि मांड्यांनी खांबाला विळखा घालते. डोके खाली, पाय वर. जमीन डोक्यापासून हातभर अंतरावर असते, म्हणजे पडण्याचे भय जवळजवळ नाही. पण जग उलटे दिसण्याचा, डोळे फिरण्याचा अनुभव पूर्ण येतो. भीतीचे दोन घटक, घेरी आणि उंची, येथे सुटे केले आहेत. घेरीची सवय जमिनीलगत होते, उंची नंतर येते. एखाद्या प्रयोगशाळेत बसून आखावी अशी ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी आखली गेली.

दुसरी बाब पकडीची. मल्लखांबावर हातांपेक्षा मांड्या, पोटऱ्या, बगला आणि पावले यांची पकड अधिक कामाची. शरीराचा मोठा भाग लाकडाला टेकलेला असतो. उंचावर डोळ्यांची साक्ष अपुरी पडते हे वर आले आहे. ती उणीव येथे त्वचा भरून काढते असे मला वाटते. नुसत्या बोटाच्या टोकाने स्थिर वस्तूला स्पर्श केला तरी उभ्या माणसाचे डोलणे कमी होते, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. इथे तर सारे अंगच स्पर्शात असते. बगली, दसरंग, तेढी असे डाव करीत मूल खांबाच्या मधल्या भागात राहते, आणि विळखा घालण्यासारखे काही उरत नाही अशी बोंडावरची जागा शेवटी येते.

तिसरी बाब उतरण्याची. उंचीला भिणारी माणसे पुष्कळदा चढून जातात आणि वर अडकतात, कारण चढताना नजर वर असते आणि उतरताना ती खाली न्यावीच लागते. तालमीत उतरणे हे स्वतंत्रपणे शिकवले जाते. ज्याला उतरता येते त्याला चढण्याची धास्ती कमी वाटते, हे कोणत्याही वस्तादाला सांगावे लागत नाही.

पुढे टांगता मल्लखांब येतो. हा आखूड खांब साखळीने टांगलेला, स्वतः फिरणारा-झुलणारा. दोरीचा मल्लखांब पूर्वी वेताचा असे. वेत मिळणे कठीण झाल्यावर सुती दोर आला. सुमारे साडेपाच मीटर उंचीवरून सोडलेल्या या दोरावर आज मुलींनी विशेष नाव कमावले आहे. मल्लखांबपटू हिमानी परब यांना २०२१ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. मुंबईच्या समर्थ व्यायाम मंदिरातून मल्लखांब देशोदेशी नेणारे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला आहे. उंचीच्या भीतीत डोळ्यांचा वाटा किती आणि कल्पनेचा किती, यावर विचार करणाऱ्याने या मुलांचे चढणे अवश्य पाहावे.

इतरांनी हीच वाट कशी शोधली

जर्मन कवी गटे विद्यार्थिदशेत १७७०च्या सुमारास स्ट्रासबुर्ग येथे होता. उंचावर त्याला घेरी येई. त्याने एकट्याने तेथील कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढून अगदी वरच्या अरुंद जागी उभे राहण्याचा परिपाठ ठेवला आणि ती जागा नेहमीची वाटू लागेपर्यंत तो सोडला नाही. हा वृत्तांत त्याने आत्मचरित्रात दिला आहे. पुढे डोंगरांवर हिंडताना त्याला याचा उपयोग झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन मनोवैद्य आंद्रेआ व्हेर्गा याने या भीतीला ‘ॲक्रोफोबिया’ हे नाव दिले. तो स्वतःच तिने पछाडलेला होता. १९५८ साली जोसेफ वोल्पे याने पायरीपायरीने भीतीच्या वस्तूजवळ नेण्याची उपचारपद्धती शास्त्रशुद्धपणे मांडली. १९९५च्या सुमारास अमेरिकेत संगणकाने उभ्या केलेल्या आभासी उंचीवर रुग्णांना चढवून हेच साधले गेले.

गटेचा मार्ग आणि तालमीचा मार्ग यांत एक महत्त्वाचे अंतर आहे. गटे एकदम वर गेला. हा मार्ग काहींना मानवतो, पुष्कळांना नाही. भीती सर्वोच्च असताना मूल खाली पळाले तर ‘पळालो म्हणून वाचलो’ हाच धडा ते शिकते आणि भीती पक्की होते. हिरकणीची कथा आपण पाठ्यपुस्तकांतून शिकवतो. तान्ह्या बाळासाठी ती रायगडाचा कडा रात्री उतरली. त्या मातेला सलाम. परंतु अटीतटीच्या वेळी एकदा केलेले धाडस म्हणजे भीतीवर मिळवलेला ताबा नव्हे, हे सांगायला शिक्षक विसरतात.

वर्ग आणि शिडी

हा विषय केवळ क्रीडाशिक्षकांचा नाही. आपल्या संस्थांतून वायरमन, इमारत-रंगकाम, सौर पॅनेल बसवणे असे अभ्यासक्रम चालतात. त्यांत प्रवेश घेणारी मुले बहुधा घरातली पहिली कमावती पिढी. शिडीवर पाय लटपटले म्हणून एखादा मुलगा दुसऱ्या आठवड्यापासून येईनासा होतो. कारण विचारले तर घरची अडचण सांगतो. भीतीपेक्षा भीतीची लाज त्याला बाहेर काढते. माझ्या एका विद्यार्थ्याचा तास तिसऱ्या मजल्यावर असे, आणि तो जिन्याच्या भिंतीला खांदा लावूनच वर येई. मित्र त्याला ‘छिपकली’ म्हणत. वर्षभरात त्याचे खांदा लावणे सुटले नाही, पण तास एकही चुकला नाही. भीतीसह जगणे म्हणतात ते हेच, आणि तेही कमी नाही.

तालमीच्या क्रमावरून अशा वर्गांसाठी काही गोष्टी सरळ घेता येतील. शिडीची पहिली ओळख आडव्या ठेवलेल्या शिडीवरून चालण्याने व्हावी, म्हणजे इब्न सीनांची फळी जमिनीवरच राहील. मग तीन पायऱ्या चढून तेथे थांबणे. घेरी ओसरेपर्यंत थांबणे, लगेच न उतरणे. चढण्याआधी उतरण्याचा सराव. जवळ एक माणूस, टोमणा न मारणारा. सेफ्टी बेल्ट पहिल्या दिवसापासून, धीट मुलांनाही. कारण उंचीचे भय हे काही अंशी शहाणपणच आहे आणि ज्याला ते मुळीच नाही तो कामगार इतरांनाही धोक्यात घालतो. ज्याला सपाट जमिनीवरही चक्कर येते त्याला आधी कानाच्या डॉक्टरकडे पाठवावे. ज्याची भीती रोजचे जगणे अडवते त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे. वस्तादालाही आपली हद्द ठाऊक असे.

जुम्मादादांचे नाव बडोद्यात संस्थेच्या पाटीवर टिकले, कारण एका शिष्याने ते पुसले नाही. त्यांच्याविषयीची माहिती मात्र विखुरलेली आहे : जुन्या स्मरणिकांत, व्यायामविषयक मासिकांच्या अंकांत, शहरातील जुन्या मराठी आणि मुसलमान कुटुंबांच्या आठवणींत. उर्दू, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषा वाचू शकणारा एखादा संशोधक विद्यार्थी हे काम हाती घेईल तर त्याने विजयांची यादी करण्याआधी एक प्रश्न विचारावा : पहिल्या दिवशी खांबापाशी उभे राहून जो मुलगा मागे सरकला, त्याला उस्ताद काय म्हणत असत?